बायपोलरच्या गोळ्या: पहिल्या चिठ्ठीपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

रत्नागिरीला किंवा कुडाळला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घरची माणसं परतीच्या एसटीत बसतात, तेव्हा पिशवीत तीन-चार प्रकारच्या गोळ्या असतात आणि डोक्यात एकच प्रश्न असतो: एवढ्या कशाला? दवाखान्यात रांग मोठी, त्यात डॉक्टरांनी भरभर सांगितलेलं निम्मं घरी पोचेपर्यंत विसरायला होतं. हे लिखाण त्या निम्म्यासाठी. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. खालचे आकडे चिठ्ठी समजावी आणि चूक वेळेत लक्षात यावी म्हणून दिले आहेत, मनाने गोळी वाढवण्या-कमी करण्यासाठी नाहीत.

बायपोलरमध्ये मन दोन टोकांना जातं. एका टोकाला उन्माद, म्हणजे मेनिया: दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो, मोठमोठे बेत होतात, अडवलं की राग येतो. दुसऱ्या टोकाला उदासीनता: अंथरुणातून उठवत नाही, कशात रस नाही, जगणं नको वाटतं. मधल्या महिन्यांत माणूस चांगला असतो, आणि खरी फसगत तिथेच होते. 'आता बरा आहे, मग गोळी कशाला' असं घरच्यांनाही वाटायला लागतं. गोळी त्या बऱ्या महिन्यांसाठीही असते, किंबहुना त्यांच्यामुळेच ते महिने वाढतात.

आधी चिठ्ठी नीट वाचा

'१-०-१' म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. 'एचएस' म्हणजे झोपताना. 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच. नावापुढे 'एसआर', 'सीआर' किंवा 'ईआर' असेल तर ती गोळी पोटात हळूहळू विरघळणारी आहे. ती चावायची नाही, कुटायची नाही. म्हातारं माणूस गिळत नाही म्हणून पेजेत कुस्करून घातली, तर बारा तासांचं औषध एका तासात अंगात उतरतं. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा; बऱ्याच औषधांचं पातळ सिरप किंवा तोंडात विरघळणारी गोळी मिळते.

पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात औषधाचं. वहीत उतरवायचं ते बारीक अक्षरातलं. मेडिकलवाल्याने 'हीच आहे, कंपनी वेगळी' म्हणून दुसरं पाकीट दिलं, तर तीन गोष्टी जुळवून बघा: औषधाचं नाव, मिलिग्रॅम, आणि एसआर आहे की साधी. लिथियमच्या बाबतीत तर हे डोळ्यांत तेल घालून बघा. ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी आणि ४०० मिलिग्रॅमची एसआर या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. शक्यतो एकाच कंपनीची घेत राहा, आणि बदलावीच लागली तर पुढच्या भेटीपर्यंत न थांबता फोन करून सांगा.

पहिल्या गोळीआधी काही तपासण्या लिहून दिलेल्या असतात: क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), लिव्हरच्या तपासण्या, रक्तपेशी, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, वय जास्त किंवा हृदयाचा त्रास असेल तर ईसीजी, बाईमाणूस असेल तर गर्भ नाही ना याची खात्री. खर्च वाचवायला अनेक जण इथेच कात्री लावतात. ते चुकतं. सहा महिन्यांनी टीएसएच वाढलेलं दिसलं, तर ते आधीपासूनच तसं होतं की लिथियमने वाढवलं, हे पहिल्या कागदाशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

एवढ्या गोळ्या कशाला?

कामं तीन आहेत: आत्ताचा भडका विझवणं, उदासीनतेतून वर काढणं, आणि पुन्हा येऊ न देणं. एकच औषध तिन्ही कामं सारखी करत नाही.

लिथियम मेनिया उतरवतं आणि पुढचे झटके अडवतं; आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुठल्याही मूड-औषधाच्या मागे नाही. व्हॅल्प्रोएट मेनियात चांगलं. लॅमोट्रिजिन उदासीनता परत येऊ देत नाही, पण पेटलेल्या मेनियात त्याचा काही उपयोग नाही. ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, अरिपिप्राझोल ही 'अँटिसायकोटिक' गटातली औषधं मेनिया लवकर आवाक्यात आणतात. त्याच गटातलं क्वेटियापिन दोन्ही टोकांना चालतं. ल्युरासिडोन, तेही याच गटातलं, उदासीनतेसाठी दिलं जातं.

म्हणून सुरुवातीला दोन मुख्य औषधं आणि सोबत थोड्या दिवसांची झोपेची गोळी अशी मांडणी सर्रास दिसते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. भडका उतरला की यादी सहसा लहान होते. झाली नाही, तर चार-सहा महिन्यांनी 'यातली कुठली कमी करता येईल?' हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

वेग वेगवेगळा असतो. ओलान्झापिनसारख्या औषधाने झोप आणि आदळआपट चार-आठ दिवसांत सुधारू लागते. लिथियमला एक ते तीन आठवडे लागतात. लॅमोट्रिजिनचा तर डोसच सहा आठवड्यांत भरतो. आठ दिवसांत 'फरक नाही' म्हणून डॉक्टर बदलला की गाडी पुन्हा पहिल्या स्टॉपावर.

लिथियम: मीठ, पाणी आणि रक्ताची तपासणी

लिथियम हे निसर्गातलं मीठच आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी मेनियावर त्याचा उपयोग दाखवला, आणि आजही ते मागे पडलेलं नाही. अडचण एकच: उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडं. म्हणून किती गोळ्या चालू आहेत यापेक्षा रक्तात किती आहे, यावर सगळं ठरतं.

रोजच्या देखभालीसाठी रक्तातली पातळी (रिपोर्टवर mEq/L किंवा mmol/L, दोन्ही सारखेच) साधारण ०.६ ते ०.८ ठेवतात, काहींना १.० पर्यंत. मेनिया पेटलेला असताना ०.८ ते १.२. वयस्कर माणसांत त्याहून खाली. १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात आणि २ च्या वर जिवाला धोका असतो. नेहमीपासून लिथियम घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत आकडा याहून कमी असतानाही विषबाधा होते. म्हणून आकडा आणि माणूस दोन्ही बघायचे.

रक्त देण्याची वेळ चुकली की आकडा वाया गेला. शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचं. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला सुई. सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर घ्यायची. सकाळी सातची गाडी पकडायची म्हणून गोळी घेऊन निघालात आणि दहाला रक्त दिलंत, तर आकडा खोटा वाढलेला येतो आणि चांगला बसलेला डोस उगाच कमी होतो. लॅबमध्ये 'लिथियमची तपासणी आहे' हे तोंडाने सांगा. रक्त गोठू नये म्हणून काही नळ्यांत लिथियम हेपरिन असतं. त्यात रक्त घेतलं तर त्या नळीतलंच लिथियम मोजलं जातं. तालुक्याच्या लहान लॅबमधून नमुना बाहेर पाठवतात आणि रिपोर्ट यायला वेळ लागतो, तेव्हा डॉक्टरांच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी रक्त दिलेलं बरं.

सुरू केल्यावर आणि प्रत्येक बदलानंतर ५ ते ७ दिवसांनी तपासणी. पातळी स्थिरावली की पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी, मग सगळं ठीक असेल तर दर सहा महिन्यांनी. त्यासोबत क्रिएटिनिन, टीएसएच आणि कॅल्शियम सहा महिन्यांनी.

तहान लागणं, लघवी जास्त होणं, हाताला बारीक थरथर, थोडं वजन वाढणं हे नेहमीचे त्रास आहेत. जेवणानंतर गोळी घेतली की मळमळ कमी होते. थायरॉइड मंदावला तर त्याची गोळी देऊन लिथियम चालू ठेवता येतं. एवढ्यासाठी ते बंद करायची घाई नसते.

आता जे खरं समजून घ्यायचं ते. किडनी लिथियमला मिठासारखंच वागवते. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही. गोळ्या तेवढ्याच, पण रक्तातली पातळी चढते. आपल्याकडच्या वर्षात असे प्रसंग ठरलेले आहेत.

एप्रिल-मे. आंबा काढणी, पेट्या भरणं, कातळावरची कामं, घाम नुसता निथळतो. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी हवं, आणि नुसतं पाणी नव्हे: मीठ घातलेली पेज, ताक, सोलकढी. कोकम सरबतात साखर असते, मीठ नसलं तर चिमूटभर घाला. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच.

जून-जुलै. लावणीच्या दिवसांत ताप आला की इकडे पहिली शंका लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, घ्यावी लागते. लेप्टो किडनीवरच घाव घालतो. त्यात अंगदुखीसाठी गावातल्या दवाखान्यात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मिळतं. तेही लिथियम वाढवतं. ताप, पोटऱ्या दुखणं, लघवी कमी होणं असं असेल तर लिथियमची पुढची गोळी थांबवा, मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा आणि त्याच दिवशी क्रिएटिनिन आणि लिथियमची पातळी बघा. जुलाब-उलट्या लागल्या तरी हाच नियम.

श्रावण. पावसाळाभर सुकी मासळी, खारं, लोणचं खाणाऱ्या घरात श्रावण लागला की मासळी बंद होते, वर सोमवारचे उपास. खाण्यातलं मीठ एकदम उतरतं. लिथियमला कमी मीठ चालतं, जास्त मीठही चालतं. एकदम बदललेलं चालत नाही. उपास धरायचा तर पाणी, ताक आणि मीठ सोडायचं नाही. निर्जळी उपास लिथियमवर असणाऱ्याने करू नये, यात तडजोड नको.

आणि बाराही महिने: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही दुखण्यावरची औषधं, रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, आणि लघवी वाढवणाऱ्या हायड्रोक्लोरोथायाझाइडसारख्या गोळ्या, हे सगळं लिथियमची पातळी चढवतं. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत रक्तदाबाचं आणि लघवीचं अशी दोन्ही औषधं एकत्रच असतात, तेव्हा 'बीपीची एकच गोळी आहे' म्हणून बिनधास्त राहू नका. दुखलं-खुपलं किंवा ताप आला तर पॅरासिटामॉल चालतं. रक्तदाबाचं औषध लागणारच असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. लिथियमचा डोस कमी करून आणि तपासणी वाढवून कधीकधी जमवता येतं, कधी रक्तदाबाची गोळी बदलता येते. गावठी मुळ्या आणि 'किडनी साफ करणारे' काढे यांत लघवी वाढवणाऱ्या वनस्पती असतात. लिथियमबरोबर ते नकोत.

विषबाधा ओळखायची कशी? बारीक थरथर जाऊन हात मोठा हलायला लागतो. कपातला चहा बशीत सांडतो, शर्टाचं बटण लागत नाही. चालताना तोल जातो, जीभ जड होते, उलट्या-जुलाब होतात, सुस्ती येते, मग माणूस गोंधळतो. गावात लोकांना वाटतं प्यायलाय, आणि त्याला झोपवून ठेवतात. तिथेच तास जातात. असं दिसलं की लिथियम बंद आणि थेट मोठं रुग्णालय. सोबत गोळ्यांचं पाकीट न्या आणि पोचल्याबरोबर 'लिथियम चालू आहे' हे आधी सांगा. सलाइन लावतात, पातळी बघतात, फार चढलेली असेल तर डायलिसिस करावं लागतं.

व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, कार्बामाझेपिन

तिन्ही मूळची फिटची औषधं. मेडिकलमध्ये किंवा शेजारी कोणी 'ही तर फेफऱ्याची गोळी' म्हणालं तर चूक झाली असं समजू नका.

व्हॅल्प्रोएट सहसा दिवसाला ५०० ते १५०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. वजन वाढणं, केस गळणं, हाताला थरथर, सुस्ती हे त्रास होतात. लिव्हर आणि प्लेटलेट बघत राहावं लागतं. पोटात सतत जोराचं दुखणं आणि उलट्या, डोळे पिवळे होणं, अंगावर आपोआप काळेनिळे डाग दिसणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्या जुलैच्या दमट हवेत गोळ्या आठवड्याच्या प्लास्टिक डबीत काढून ठेवल्या तर चिकट, मऊ पडतात. घ्यायच्या वेळीच पाकिटातून फोडा.

मुलगी किंवा तरुण बाई असेल तर इथे थांबून वाचा. गर्भारपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर दर १० बाळांपैकी साधारण एकाला जन्मजात व्यंग असतं, आणि १० पैकी ३ ते ४ मुलांच्या वाढीत, बोलण्यात, शिकण्यात अडचणी दिसतात. त्यामुळे मूल होण्याच्या वयात हे औषध दुसरा मार्ग नसेल तरच, आणि पक्क्या गर्भनिरोधनासह. तुमच्या चिठ्ठीत ते असेल तर गोळी फेकून देऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा: 'हिच्यासाठी दुसरं काही चालेल का?' लग्न ठरलं की गुपचूप गोळ्या बंद करायच्या, ही आपल्याकडची पद्धत सगळ्यात घातक. हळद लागायच्या आत झोप उडते आणि मांडवात मेनिया उभा राहतो. मूल हवं असेल तर निदान काही महिने आधी सांगा. औषध बदलायला तेवढा वेळ लागतो. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हा आजार उलटण्याचा सगळ्यात मोठा काळ आहे. त्या दिवसांत रात्रीचं बाळ दुसऱ्या कोणी तरी सांभाळायचं आणि बाळंतिणीला झोपू द्यायचं, हेही औषधच.

लॅमोट्रिजिनचं वैशिष्ट्य म्हणजे त्याची संथ चाल. पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन ५०, मग १००, मग २००. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर हे सगळं निम्म्याने, सुरुवात २५ मिलिग्रॅम दिवसाआड. घाई केली की अंगावर पुरळ उठण्याचा धोका वाढतो, आणि क्वचित ते पुरळ कातडी सोलवटण्यापर्यंत जातं. पहिल्या दोन महिन्यांत पुरळ दिसलं, त्यातही ताप असेल, ओठ-तोंड-डोळे लाल होऊन फोड आले असतील, तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालय. घामोळं आहे की पुरळ हे मे महिन्यात घरी ठरवत बसू नका. दुसरी खोच: पाचपेक्षा जास्त दिवस गोळी राहिली, तर २०० वर परत उडी मारायची नाही, पुन्हा २५ पासून. दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि आठवडाभर गोळी मिळाली नाही, तर घरी कोणालाही आधीचा डोस सुरू करू देऊ नका. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या लॅमोट्रिजिनची पातळी निम्म्यावर आणू शकतात, तेही डॉक्टरांना कळायला हवं.

कार्बामाझेपिन आणि त्याचं भावंड ऑक्सकार्बाझेपिन आता दुसऱ्या फळीत गेली आहेत. रक्तातलं सोडियम उतरवतात, आणि कार्बामाझेपिन इतर बरीच औषधं लवकर संपवून टाकतं, गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा.

अँटिसायकोटिक: नावाला घाबरू नका, उन्हाला घाबरा

ओलान्झापिन ५ ते २० मिलिग्रॅम, रिस्पेरिडोन २ ते ६, अरिपिप्राझोल १० ते ३०. क्वेटियापिन उदासीनतेत ३०० आणि मेनियात ४०० ते ८०० पर्यंत, असे साधारण डोस. क्वेटियापिन आणि ओलान्झापिन रात्री घेतात, कारण झोप येते. क्वेटियापिन सुरू असताना रात्री लघवीला उठताना आधी खाटेवर बसायचं, मग उभं राहायचं; एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडायला होतं. न्हाणीघर अंगणात असेल तर वाटेत दिवा ठेवा. ल्युरासिडोन पूर्ण जेवणाबरोबरच घ्यावं लागतं, किमान ३५० कॅलरी पोटात हव्यात. चहा-बिस्किटावर घेतलेली गोळी पुरेशी अंगी लागत नाही. संकष्टीला ती चंद्रोदयानंतरच्या जेवणाबरोबर घ्या.

ओलान्झापिनने भूक खूप वाढते. दोन महिन्यांत सहा-सात किलो चढलेले दिसतात, मग साखर आणि चरबी. दर रविवारी वजन लिहा. भाताचा दुसरा वाढा पहिल्या दिवसापासून थांबवा. दहा किलो वाढल्यावर थांबवून उपयोग कमी. तीन महिन्यांनी साखर आणि कोलेस्टेरॉल, मग वर्षातून एकदा. वजन आवरत नसेल तर औषध बदलता येतं, तेव्हा सहन करत बसू नका.

पहिल्या काही दिवसांत, विशेषतः हॅलोपेरिडॉलनंतर, मान एकीकडे वळून अडकते, जीभ बाहेर येते, डोळे वर लागतात. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी बाहेरचं लागलं, आणि माणसाला भगताकडे नेतात. हा औषधाचा ठरलेला दुष्परिणाम आहे आणि योग्य इंजेक्शनने थोड्या वेळात सुटतो. जवळच्या रुग्णालयात नेऊन कोणती गोळी चालू आहे ते सांगा. दुसरा त्रास फसवा आहे: माणूस एका जागी बसत नाही, पाय हलवत राहतो, येरझाऱ्या घालतो. घरच्यांना वाटतं मेनिया वाढला, डोस वाढतो, आणि येरझाऱ्याही वाढतात. त्यालाच विचारा: 'मनातून उत्साह आहे, की पायांना चैन नाही?' दुसरं असेल तर ते गोळीमुळे, आणि त्यावर उपाय आहे. पाळी थांबणं किंवा छातीतून दूध येणं रिस्पेरिडोनने होतं. लाजून लपवू नका.

अंग ताठ होऊ नये म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल दिलं जातं. त्याने तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही आणि घाम कमी येतो. या सगळ्याच औषधांनी अंगाची उष्णता बाहेर टाकायची ताकद घटते. मे महिन्यात दुपारी बारा ते चार उन्हात काम नको. ताप चढला, अंग लाकडासारखं कडक झालं, शुद्ध हरपू लागली, तर ती तातडीची वेळ आहे. अँटिसायकोटिकची पुढची गोळी देऊ नका आणि गाडी बोलवा.

उदासीनतेची गोळी आणि झोपेची गोळी

फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्या बायपोलरमध्ये एकट्या दिल्या तर माणूस उदासीनतेतून थेट मेनियात उलटू शकतो. गावच्या डॉक्टरांकडे 'मन लागत नाही' म्हणून गेलात, तर बायपोलर आहे हे आधी सांगा. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी दिलेली स्टेरॉइड्सही मेनिया पेटवतात. लोराझेपाम, क्लोनाझेपाम थोड्या आठवड्यांपुरती ठीक. महिनोन्‌महिने घेतली की सवय लागते, आणि मग अचानक बंद केली की फिट येऊ शकते. दारूबरोबर तर यांतली कुठलीच गोळी नको.

रात्रीची झोप हा डोसचाच भाग

शिमग्यात पालखी नाचवताना आणि गणपतीत भजनाच्या बाऱ्या रंगताना जागरणं होतात, आणि त्यानंतरच्या आठवड्यात मेनियाचे रुग्ण वाढलेले दिसले तर नवल नाही. सणाला जायचंच नाही असं नाही. पालखी संध्याकाळी खांद्यावर घ्या, आरतीला थांबा, आणि अकराच्या आत घरी येऊन रात्रीची गोळी घेऊन झोपा. मुंबईहून चाकरमानी आले म्हणून घर गजबजलं असेल तर या माणसासाठी एक शांत खोली राखा. रात्रीच्या बोटीवर जाणाऱ्याने गोळीची वेळ आणि झोपेची वेळ डॉक्टरांबरोबर बसून ठरवावी. आज रात्री, उद्या दिवसा असं चालत नाही. लागोपाठ दोन रात्री झोप कमी आणि तरी सकाळी तरतरीत, एवढं दिसलं की फोन करायचा. तिसऱ्या रात्रीची वाट बघायची नाही.

गोळी चुकली, गोळी सोडावीशी वाटली

दोन-तीन तासांत आठवलं तर घ्या. दुसऱ्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही, लिथियमच्या तर मुळीच नाही.

सोडावीशी वाटण्याची कारणं खरी असतात: जाडी, थरथर, 'डोकं बधिर झाल्यासारखं', लैंगिक इच्छा कमी होणं, लोक काय म्हणतील. ती डॉक्टरांना सांगितली तर बऱ्याचदा डोस किंवा औषध बदलून सुटतात. अचानक सोडलेलं लिथियम मात्र मेनियाला आमंत्रण देतं. बंद करायचंच ठरलं तर किमान ४ आठवड्यांत, शक्यतो ३ महिन्यांत उतरवत नेतात. देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला, कौलही लावा. तेवढे दिवस गोळी बंद ठेवा असं जो सांगेल त्याचं मात्र ऐकू नका.

पावसाळ्याची बेगमी

मेअखेर डॉक्टरांकडून दोन-तीन आठवड्यांच्या जादा गोळ्या लिहून घ्या. झाकणाच्या कोरड्या डब्यात, पाकिटातच ठेवा. चुलीवरच्या फळीवर नको, खिडकीत नको. पण घरात साठा म्हणजे धोकाही. लिथियमच्या मूठभर गोळ्या प्राणघातक ठरतात. माणूस उदासीनतेत असेल, 'माझं काही खरं नाही' असं बोलत असेल, तर डब्याला कुलूप आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे. त्या दिवसांत रोजची गोळी समोर बसून द्यायची आणि गिळेपर्यंत थांबायचं. जादा साठाही तेव्हा आठवड्या-आठवड्यानेच आणावा.

खर्चाची ओढाताण असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तपासणी आणि औषधं मिळतात. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक, बाकीची ठाणे, येरवडा आणि नागपूरला. तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे. दाखवायला गेलं म्हणजे भरतीच करतात असं नाही. जनऔषधी केंद्रात यांतली काही औषधं बरीच स्वस्त मिळतात, फक्त वर सांगितलेल्या तीन गोष्टी तिथेही जुळवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, पुढे आजार उलटला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावं, हे माणसाला बरा असतानाच लेखी ठरवता येतं.

रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेली मानसचा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतात. आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल किंवा लिथियमची विषबाधा वाटत असेल तर मात्र फोनवर वेळ न घालवता १०८ ला गाडी बोलवा.

शेवटी एक कागद तयार करून पाकिटात ठेवा. त्यावर आजाराचं नाव, औषधांची नावं आणि डोस, लिथियमची शेवटची पातळी तारखेसह, कशाची ॲलर्जी आहे ते, आणि मानसोपचारतज्ज्ञांचा फोन. लिथियम असेल तर खाली ठळक अक्षरात: 'पॅरासिटामॉल सोडून दुखण्यावरची गोळी किंवा इंजेक्शन देण्याआधी विचारा.' दात काढायला गेलात, पाय मुरगळला, विंचू चावला, तरी सुई टोचण्याआधी तो कागद पुढे करायचा.